एका नावाची तुलना आणि एकोणीस वर्षांचा मुलगा

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी जूनच्या सुमारास ड्राफ्ट होतो. तीस संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. फेऱ्या दोन, आणि निवडले जाणारे खेळाडू साठाच्या घरात. आयपीएलसारखा इथे लिलाव नसतो. कोणता संघ आपल्याला घेणार हे त्या मुलाच्या हातात फारसं नसतं. आदल्या हंगामात जे संघ तळाला राहिले त्यांना निवडीची संधी आधी मिळते. पण त्यासाठी कुणी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता प्रत्येकी १४ टक्के ठेवली गेली. निवडली जाणारी बहुतेक मुलं १९ ते २२ वर्षांची असतात. एका निवडीवर कोट्यवधी डॉलर लागलेले असतात आणि संघाची पुढची अनेक वर्षं त्या एका नावाभोवती फिरतात. इतक्या मोठ्या निर्णयाआधी महिनोन्‌महिने चर्चा चालते, आणि त्या चर्चेत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य एकच असतं: हा मुलगा अमक्यासारखा खेळतो. हा दुसरा ड्युरँट, तो नवा बार्कली, आणखी कुणी पुढचा जॉर्डन. मुंबईच्या मैदानावर मोठं शतक ठोकणाऱ्या शाळकरी मुलाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नवा सचिन ठरवतात, तोच हा प्रकार. फक्त इथे त्या वाक्यावर फार मोठी किंमत मोजली जाते.

हे वाक्य दिसायला एक असलं तरी त्यात दोन विधानं दडलेली असतात. पहिलं वर्णनाचं: या मुलाची चेंडू हाताळायची पद्धत, शॉट मारतानाचा तोल, अंगकाठी त्या प्रसिद्ध खेळाडूची आठवण करून देते. दुसरं भाकिताचं: म्हणून हा पुढे तितकाच मोठा होईल. पहिलं विधान बऱ्याचदा खरं असतं आणि उपयोगीही. दुसऱ्याला मात्र त्या वाक्यात कोणताच आधार नसतो. ते पहिल्याच्या पाठीवर बसून आत येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकदमच सिद्ध झाली. माझा आक्षेप तुलनेला नाही. नव्या माणसाचा अंदाज बांधायचा तर जुन्या माणसांकडे पाहण्याखेरीज दुसरा मार्गच नाही. आक्षेप आहे तो एकाच माणसाशी, तेही यशस्वी झालेल्या आणि पूर्ण घडलेल्या माणसाशी केलेल्या तुलनेला. तशी तुलना मुळात चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देते.

मायकल जॉर्डनच्या वारसदारांची यादी पाहिली की हे लगेच ध्यानात येतं. १९९२ साली मायामी संघाने बाराव्या क्रमांकावर हॅरॉल्ड मायनर या कॉलेज खेळाडूला घेतलं. त्याला ‘बेबी जॉर्डन’ म्हणत. उडी, हवेत तरंगल्यासारखा भास, तुळतुळीत डोकं, बास्केटकडे झेपावण्याची ढब, सगळं जॉर्डनची आठवण करून देणारं होतं. साम्य खोटं नव्हतं. १९९३ आणि १९९५ अशी दोनदा त्याने लीगची स्लॅम डंक स्पर्धा जिंकली. पण चार हंगामांत त्याची कारकीर्द संपली. जॉर्डनचं मोठेपण उडीत होतंच, पण त्याहून अधिक ते बचावात, मधल्या अंतरावरून मारलेल्या शॉटच्या अचूकतेत आणि सामना हातातून निसटत असताना घेतलेल्या निर्णयांत होतं. हे गुण काही सेकंदांच्या चित्रफितीत दिसत नाहीत. पुढे ग्रँट हिल, जेरी स्टॅकहाउस, व्हिन्स कार्टर यांच्याही नावापुढे तीच उपाधी लागली. हे तिघेही उत्तम खेळाडू ठरले, जॉर्डन कुणीच झाला नाही. आणि खुद्द जॉर्डन १९८४च्या ड्राफ्टमध्ये तिसरा होता. ह्यूस्टनने हकीम ओलाजुवानला घेतलं, आणि पोर्टलंडने सॅम बोईला, कारण जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्याकडे आधीपासून होता. म्हणजे ज्याच्याशी पुढच्या पिढ्यांची तुलना व्हायची, त्याची झेप त्याच्या निवडीच्या दिवशी कुणालाही पूर्ण दिसली नव्हती.

या ठिकाणी कोबे ब्रायंटचं नाव पुढे येणार, आणि ते योग्यच आहे. १९९६ साली शाळेतून थेट लीगमध्ये आलेला हा मुलगा चालण्या-बोलण्यापासून शॉटपर्यंत जॉर्डनसारखा होता, आणि पुढे तो खरोखर त्याच्या जवळपास पोचला. मग तुलना खरी ठरली की! ठरली, पण तिच्यात किती ताकद होती हे मोजायचं तर फक्त कोबेला मोजून चालणार नाही. ज्यांना ज्यांना ती उपाधी लागली त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करावं लागेल आणि मग त्या रांगेतले किती जण पोचले ते पाहावं लागेल. तुलनेचं दुखणं इथेच आहे. तुलनेसाठी आपण जी नावं वापरतो ती सगळी टिकून राहिलेल्यांची असतात. जो मुलगा ड्युरँटसारखाच उंच, सडपातळ, दुरून शॉट मारणारा होता, पण दोन वर्षांत लीगबाहेर पडला, त्याचं नाव कुणाच्या ओठांवर येत नाही, म्हणून कुणाची तुलना त्याच्याशी होत नाही. विस्मृतीत गेलेले खेळाडू हिशेबातून आपोआप गळतात आणि उरलेला हिशेब मग कायम आशादायक दिसतो.

या हिशेबाचा एक ढोबळ आकडा काढता येतो. १९८५ ते २०२० या काळात ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर ३६ खेळाडू निवडले गेले. त्या त्या वर्षी साऱ्या जगाला सर्वांत आश्वासक वाटलेली ही मुलं. त्यांतले २०२५ सालापर्यंत लीगचे सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकदा तरी गौरवले गेले ते सहा जण: डेव्हिड रॉबिन्सन, शकील ओनील, ॲलन आयव्हर्सन, टिम डंकन, लेब्रॉन जेम्स आणि डेरिक रोझ. म्हणजे सहांत एक, तोही पहिल्या क्रमांकाचा. त्याच काळात हा मान मिळवणाऱ्या निकोला योकिचची निवड २०१४ साली एक्केचाळिसाव्या क्रमांकावर झाली होती, आणि यानिस अँटेटोकुंपोची २०१३ साली पंधराव्या. एखाद्या मुलाला महान खेळाडूचं नाव चिकटवताना हा सहांत एकचा आकडा कुणी पुढ्यात ठेवत नाही. डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात माणसाच्या मनाची हीच खोड प्रयोगांनी दाखवून दिली. एखादी व्यक्ती कोणत्या गटातली असेल हे ठरवताना आपण तिचं त्या गटाच्या ठरीव चित्राशी किती साम्य आहे एवढंच पाहतो. तो गट मुळात किती छोटा आहे, हा विचार मागे पडतो. महान खेळाडूंचा गट तर फारच छोटा.

आता साम्य कशात शोधलं जातं ते पाहू, कारण या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. २००६ साली गोंझागा विद्यापीठाचा ॲडम मॉरिसन हा कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक सरासरी गुण मिळवणारा खेळाडू होता. उंच, गोरा, लांब केस, मिशी, छोट्या विद्यापीठातून आलेला, दुरून शॉट मारणारा. लगेच नाव लागलं लॅरी बर्ड या महान गोऱ्या खेळाडूचं. शार्लट संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात त्याचे दहातले सहाहून जास्त शॉट चुकले, दुसऱ्याच्या तोंडावर गुडघा गेला, आणि पुढे तो बहुतेक वेळ बाकावरच राहिला. दुखापतीचा दोष त्याच्यावर नाही. पण मूळ साम्य तपासलं असतं तर? बर्ड कॉलेजात असताना दर सामन्यात सरासरी तेरांहून जास्त रिबाउंड घेत असे, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू पकडत असे. मॉरिसन त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हता. बर्डच्या खेळाचा कणा होता पास, कोणता साथीदार कुठे मोकळा होणार हे आधीच ओळखणारी नजर. मॉरिसन मुख्यतः गुण मिळवणारा होता. खेळातलं साम्य थोडं, चेहऱ्यामोहऱ्यातलं फार. गोऱ्या मुलाची तुलना गोऱ्या खेळाडूशी आणि काळ्या मुलाची काळ्या खेळाडूशी हा अमेरिकी बास्केटबॉलचा इतका जुना परिपाठ आहे की तो परिपाठ आहे हेच बहुतेकांना जाणवत नाही.

ह्यूस्टन रॉकेट्सचे तेव्हाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांना ते जाणवलं. मायकल लुईस यांनी २०१६ साली आलेल्या ‘द अनडूइंग प्रोजेक्ट’ या पुस्तकात त्यांच्या कार्यालयाची हकिगत सांगितली आहे. मोरी यांनी आपल्या निरीक्षकांना एक नियम घालून दिला: नव्या मुलाची तुलना करायचीच असेल तर ती वेगळ्या वंशाच्या खेळाडूशीच करायची. परिणाम असा झाला की तुलना करण्याची ऊर्मीच ओसरली. रंगरूपाचा आधार काढून घेतल्यावर साम्य दिसेनासं झालं, याचा अर्थ त्या साम्यात खेळाचा वाटा फारसा नव्हता. हा छोटासा नियम मला या साऱ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. त्याच पुस्तकात मार्क गासोलचा किस्सा येतो. २००७ साली या स्पॅनिश तरुणाचं उघड्या अंगाचं छायाचित्र ह्यूस्टनच्या कार्यालयात पोचलं. त्याच्या थुलथुलीत छातीवरून एक टोपणनाव पडलं, आणि आकडेवारी त्याच्या बाजूने असूनही तो मागे पडला. अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर निवडलेला हा गासोल २०१३ साली लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. जेरेमी लिनचं उदाहरण याहून वेगळं. हार्वर्डचा हा पदवीधर तैवानी वंशाच्या कुटुंबातला. मोरी यांच्या गणिताप्रमाणे तो २०१० साली पहिल्या फेरीत घेण्याजोगा होता, पण त्या वर्षी त्याला कुणीच निवडलं नाही, मोरी यांनीही नाही. त्याच्यासारखा दिसणारा आधीचा कोणी गाजलेला गार्ड लीगमध्ये नव्हता, त्यामुळे त्याच्यापुढे लावायला नावच नव्हतं. दोन वर्षांनी, २०१२च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कसाठी खेळताना त्याने सारी लीग दणाणून सोडली. एका नावाच्या तुलनेने काही मुलं विनाकारण वर चढतात. पण ज्यांच्यासाठी नावच सापडत नाही ती मुलं नजरेतूनच सुटतात, आणि दुसरा अन्याय पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण त्याची नोंद कुठेच होत नाही.

युरोपातून येणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत तर हा लंबक दोन्ही टोकांना जाऊन आदळला. जर्मनीचा डर्क नोविट्झ्की १९९८ साली नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि काही वर्षांतच सात फुटांचा माणूस दुरून इतका अचूक शॉट मारू शकतो हे साऱ्यांनी पाहिलं. मग प्रत्येक संघ ‘पुढचा डर्क’ शोधू लागला. २००२ साली डेन्व्हरने जॉर्जियाचा निकोलोझ त्स्कितिश्विली पाचव्या क्रमांकावर घेतला. तो टिकला नाही. २००३ साली डेट्रॉइटने सर्बियाच्या अठरा वर्षांच्या डार्को मिलिचिचला लेब्रॉन जेम्सच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. मागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड उरले होते. २००६ साली टोरॉंटोने इटलीच्या आंद्रेया बार्न्यानीला पहिल्या क्रमांकाचा मान दिला. तो लीगमध्ये बरीच वर्षं खेळला, पण नोविट्झ्की झाला नाही. यानंतर मन दुसऱ्या टोकाला गेलं: युरोपी मुलं मऊ, त्यांच्यावर विश्वास टाकू नये. २०१८ साली स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच ड्राफ्टमध्ये आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, आणि आदल्या वर्षी आपल्या देशासोबत युरोपचा विजेताही झाला होता. एनबीएखालोखालच्या लीगमध्ये त्या वयात कुणीही एवढं केलं नव्हतं. तरी फिनिक्सने डिॲन्ड्रे एटनला आणि सॅक्रॅमेंटोने मार्विन बॅगलीला त्याच्याआधी घेतलं. अटलांटाने तिसऱ्या क्रमांकावर निवडून त्याला लगेच डॅलसला देऊन टाकलं. डर्कशी केलेली तुलना आणि डार्कोच्या भीतीने केलेली तुलना, दोन्हींत चूक एकच. ‘युरोपी’ हा खेळाचा प्रकार नाही. डॉन्चिचच्या वयाची, त्याच्या पातळीवर खेळलेली आणि त्याच्याइतकी कामगिरी केलेली मुलं कोण, असा प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळालं असतं की असं जवळजवळ कुणीच नाही. त्या रिकाम्या यादीतच त्याची खरी किंमत लिहिलेली होती.

तुलनेत आणखी एक खोट असते, ती काळाची. एका बाजूला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला बारा वर्षं खेळून घडलेला खेळाडू. या दोघांमध्ये जे सगळं घडायचं असतं ते तुलनेत धरलेलंच नसतं. कवाय लेनर्ड कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तीन गुणांचे जेमतेम २९ टक्के शॉट यशस्वी करत होता. २०११ साली तो पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला, त्याच दिवशी सॅन अँटोनिओकडे आला, तिथे चिप एंगेलंड या शॉटच्या प्रशिक्षकाने त्याच्या हाताची ठेवण बदलली, आणि पहिल्याच हंगामात ते प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत गेलं. २०१४ साली तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू होता. ड्राफ्टच्या दिवशी त्याचं ज्याच्याशी साम्य सांगितलं असतं तो खेळाडू आणि हा, दोघांत काही नातं उरलं नव्हतं. अँटेटोकुंपो तर ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून आला, आणि निवड झाल्यावर त्याची उंचीही वाढली. कोणता संघ मिळाला, तिथला प्रशिक्षक कसा आहे, मुलगा रात्री व्यायामशाळेत किती थांबतो, गुडघे साथ देतात का, यावर खेळाडू घडतो. २००७ साली पोर्टलंडने पहिला क्रमांक दिलेल्या ग्रेग ओडेनकडे महान सेंटरचं शरीर आणि खेळ होता. दुखापतींमुळे तो उभ्या कारकिर्दीत १०५ सामने खेळला. त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या केव्हिन ड्युरँटला ड्राफ्टपूर्व चाचणीत १८५ पौंडांची बार एकदाही उचलता आली नव्हती.

काळ मुलांचा बदलतो तसा खेळाचाही. २००९ साली मिनेसोटाकडे पाचवी आणि सहावी निवड होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने स्टीफन करीला घेतलं. तेव्हाच्या मापात करी लहानखुरा होता, आणि केवळ शॉट मारणारा छोटा गार्ड म्हणजे दुय्यम खेळाडू असा समज होता. त्या काळात एक संघ एका सामन्यात तीन गुणांचे सरासरी अठराच्या आसपास शॉट घेई. २०२३-२४च्या हंगामापर्यंत तो आकडा पस्तिशीला पोचला. हा बदल घडवणाऱ्यांत करी स्वतः अग्रभागी होता. म्हणजे त्याची तुलना ज्यांच्याशी केली जात होती ते जुन्या खेळातले खेळाडू होते आणि तो खेळ त्याच्याच हातून बदलणार होता. योकिचचंही तसंच. धावायला संथ, उडी कमी, पण सेंटरच्या जागेवरून साऱ्या संघाचा खेळ चालवणारा. त्याच्याआधी ही भूमिका लीगमध्ये इतक्या पूर्णपणे कुणी केलीच नव्हती. जुन्या नावांच्या कपाटात नवी गोष्ट ठेवायला खण नसतो.

यावर अनुभवी निरीक्षकांचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते हलकं नाही. प्रशिक्षकाला दहा पानांचा अहवाल वाचायला वेळ नसतो. ‘पास योकिचसारखा, शॉट मात्र कच्चा’ एवढं म्हटलं की त्याला मुलगा डोळ्यांपुढे दिसतो. तज्ज्ञांमधलं बोलणं नेहमी अशा खुणांनीच चालतं. हे मला पूर्ण मान्य आहे. पण या उदाहरणात साम्य एका कौशल्यापुरतं सांगितलेलं आहे, माणसापुरतं नाही. आणि दुसऱ्याच क्षणी उणीवही सांगितली आहे. एकेका गुणाची तुलना हे वर्णन आहे. ते वापरावं. माणसाला माणूस जोडला की वर्णन संपतं आणि भविष्यकथन सुरू होतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. आकडेवारीची यंत्रं तरी काय वेगळं करतात? तीही शेवटी तुलनाच करतात, आणि तीही चुकतात. हेही खरं. मोरी यांच्या गणिताने २००८ साली जोई डॉर्सी या खेळाडूची जोरदार शिफारस केली आणि तो फिका पडला. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आपल्याहून लहान मुलांविरुद्ध खेळून त्याचे आकडे फुगले होते. मात्र ही चूक सापडली, तिचं कारण सापडलं, आणि पुढच्या गणितात वयाला वजन देता आलं. ‘मला हा बर्डसारखा वाटला’ ही चूक अशी दुरुस्त करता येत नाही, कारण ती कशावर उभी होती हेच लिहिलेलं नसतं. शिवाय चांगली आकडेवारी एका नावावर थांबत नाही. बेसबॉलमध्ये बिल जेम्स यांनी १९८०च्या दशकात खेळाडूंमधलं साम्य गुणांकात मोजायची रीत रूढ केली. २०१५ साली फाइव्हथर्टीएट या संस्थेने एनबीएसाठी तशीच पद्धत आणली. एखाद्या खेळाडूच्या वयाला, अंगमापाला आणि कामगिरीला जवळचे असे अनेक जुने खेळाडू शोधायचे, त्यांचं त्या वयानंतर काय झालं ते पाहायचं, आणि मग शक्यतांचा पट्टा सांगायचा: इतके जण तारे झाले, इतके उपयोगी खेळाडू, इतके लवकर बाहेर पडले. त्या यादीत महान नावांच्या शेजारी विसरलेली नावंही असतात, आणि तीच या पद्धतीला प्रामाणिक बनवतात. छोट्या गोष्टीही इथे कामाला येतात. कॉलेजातली तीन गुणांची टक्केवारी थोड्याच शॉटवर आधारलेली असते. पुढे दुरून शॉट जमेल का याचा अंदाज फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी अडवत नसताना मारायच्या शॉटच्या, टक्केवारीवरून अधिक बरा बांधता येतो, असं विश्लेषकांच्या लक्षात आलं. लेनर्डचे कॉलेजातले फ्री थ्रो ७५ टक्क्यांच्या आसपास यशस्वी होत होते. त्याचा शॉट सुधारू शकतो याची ती खूण होती आणि ती सर्वांपुढे होती.

तिसरं म्हणणं प्रेक्षकांचं: ही सगळी मौज आहे, ती कशाला हिरावून घेता? मौजेला कुणाचीच हरकत नसावी, पण ती कुणाच्या तरी खांद्यावर बसते. २०१३ साली क्लीव्हलंडने ॲन्थनी बेनेटला पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्याची तुलना आधीच्या पिढीतल्या लॅरी जॉन्सनशी होत असे. दोघे एकाच विद्यापीठाचे, दोघे दणकट. पहिल्या वर्षी बेनेट चाचपडला, आणि सारा देश एका वीस वर्षांच्या मुलाला नावं ठेवू लागला. पाचव्या किंवा विसाव्या क्रमांकावर आला असता तर हाच मुलगा शांतपणे शिकत राहिला असता. संघही त्या नावात अडकतात. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या अभ्यासकांनी १९९५ साली एनबीएच्या नोंदी तपासून दाखवलं की वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना, त्यांची कामगिरी तितकीच असली तरी, खेळायला जास्त वेळ मिळतो आणि ते लीगमध्ये जास्त काळ टिकवले जातात. एकदा मोठी किंमत मोजली की ती चुकली हे मान्य करणं जड जातं. म्हणजे ड्राफ्टच्या रात्रीच्या एका वाक्याची सावली पुढे कित्येक वर्षं पडते, आणि ती बाकावर बसलेल्या त्या दुसऱ्या मुलावरही पडते, ज्याला कुणाचंच नाव लागलेलं नसतं.

आपल्याकडेही ही सावली एकदा पडून गेली आहे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा २०१० साली, चौदाव्या वर्षी, फ्लोरिडातल्या प्रशिक्षण संस्थेत गेला. २०१५ साली डॅलसने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. लगेच त्याला भारताचा याओ मिंग म्हणू लागले. दोघे सात फुटांहून उंच, दोघे आशियातल्या अवाढव्य देशांतले, आणि त्या देशांत एनबीएला बाजारपेठ हवी होती. साम्य तिथेच संपत होतं. याओ २००२ साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, त्याने शांघाय संघाला चीनचं विजेतेपद मिळवून दिलं होतं, तो ऑलिम्पिक खेळला होता. आणि एवढ्या उंचीचा माणूस असून कारकिर्दीत त्याचे ८३ टक्के फ्री थ्रो यशस्वी झाले. सतनाम एकोणीस वर्षांचा, कॉलेजही न खेळलेला. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. तो अपयशी ठरला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्या तयारीच्या, त्याच्या वयाच्या सात फुटी मुलांपैकी फारच थोडी लीगमध्ये टिकतात, आणि हे त्याच्याबद्दल कुणी सांगितलंच नाही. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्रॅमेंटो आणि इंडियाना हे संघ मुंबईत वरळीच्या डोममध्ये दोन सराव सामने खेळून गेले, आणि त्यानंतर इथल्या शाळांतल्या मुलांच्या मनातही ड्राफ्टचं नाव पक्कं झालं. उद्या नागपुरातून किंवा पुण्यातून एखादा उंच मुलगा पुढे आला, तर क्रीडा पानावर त्याचं नाव लिहिणाऱ्यांना एकच विनंती आहे. तो कुणासारखा आहे हे लिहू नका. तो किती वर्षांचा आहे, कुणाविरुद्ध खेळतो आणि त्याचे शंभरातले किती फ्री थ्रो जातात, ते लिहा.